रिकामी पाकिटं

मी तोंडाची फटकळ आहे, हे घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर शेंबडं पोरही सांगेल. पण करणार काय? टीबीच्या गोळ्या नेऊन लोक पत्र्यावर फेकतात, गादीखाली दडवतात आणि वर माझ्यासमोर देवाशपथ म्हणतात. म्हणून दवाखान्यात गोळ्या वाटताना माझा नियम होता. दर सोमवारी रिकामी पाकिटं दाखवायची, तरच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या.

ह्या नियमात एकच माणूस कायम पहिल्या नंबराने पास व्हायचा. विशीत तो जतकडून पवईजवळच्या दगडखाणीत कामाला आला. इथल्या खाणी बंद पडल्यावर मुकादमाबरोबर पार गुजरातपर्यंत गेला. वर्षातले आठ महिने तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये, बायको इथे वस्तीत. परत आला तो छातीत दगडाची धूळ, टीबी आणि एचआयव्ही घेऊन. रिपोर्ट ऐकल्यावर त्याने एवढंच विचारलं, "हिला सांगणार काय तुम्ही?"

"मला सांगता येत नाही, नियम आहे. तुम्ही सांगायचं, दादा. आणि तिला तपासणीला घेऊन यायचं. लागण असली तर तिलाही औषध मिळेल, फुकट."

"आणतो ना ताई. पुढच्या सोमवारी."

सोमवार येत राहिले, बायको काही आली नाही. मी ओरडायचे. तो खाली मान घालून ऐकायचा आणि पिशवीतली पाकिटं टेबलावर मांडायचा. टीबीची असो की एचआयव्हीची, एक गोळी शिल्लक नसायची. मग मी विरघळायचे. बाकीच्यांना म्हणायचे, "बघा, शिका जरा ह्यांच्याकडून." त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवताना मला माझंच कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? त्याचं वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, धुळीने फुप्फुसं निबर झालीत, वेळ लागेल. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू तसेच निघाले, तरी मला शंका आली नाही. पाकिटं रिकामी होती ना!

एका सोमवारी त्याची पिशवी घेऊन एक बाई आली. वाळलेली, खोकत होती.

"ह्यांना मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय ताई. माझ्या गोळ्या संपल्या, म्हणून आले."

"तुझ्या कसल्या गोळ्या?"

"शक्तीच्या. तुम्हीच देता ना घरच्यांसाठी? सकाळच्या चारातल्या दोन माझ्या. रात्रीची एक असते, ती एक दिवस ते घेतात, एक दिवस मी. लघवी लाल झाली तर घाबरायचं नाही, औषधाचा रंग आहे, असं ताई म्हणाल्यात, असं हे म्हणाले."

शब्द माझेच होते.

तपासणीला आणलं तर तिला सगळं कळणार, आणि नाही आणलं तर ती औषधावाचून मरणार. त्याने मधला रस्ता काढला. घरातली भाकरी मोडून द्यावी तसं औषध मोडून दिलं. अर्ध्या औषधाने कुणीच बरं होत नाही, जंतू मात्र निर्ढावतात, हे मी त्याला कधी समजावलंच नव्हतं. नुसतं "चुकवू नका, चुकवू नका" म्हणून ओरडत राहिले. त्याचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होतं. एकदाही चढून गेले नाही मी. ह्याची लाज मला अजून वाटते.

तिला दोन्ही आजार निघाले. जाण्याआधी हॉस्पिटलात त्याने स्वतःच तिला सगळं सांगितलं. दिवसकार्य झाल्यावर ती आली. शिव्या खायची तयारी ठेवून मी तिच्यासमोर बसले होते.

"मी त्यांच्यातल्या खाल्ल्या नसत्या, तर ते राहिले असते काय?"

"नाही गं. त्यांची छातीच गेली होती," मी म्हटलं. खरं काय ते मला माहीत नव्हतं.

आता तिला निर्ढावलेल्या जंतूंवरची नवी, जड औषधं चालू झाली. माझ्यासमोर घ्यायची, असं ठरलं. पहिल्या सकाळी मी गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने निम्म्या गिळल्या आणि उरलेल्या पदराच्या टोकात बांधायला घेतल्या.

"अगं, आता वाटणी नाही. ह्या सगळ्या तुझ्याच आहेत."

"ठाऊक आहे ताई," ती म्हणाली.

मी ओरडले नाही. तिच्या मुठीवर हात ठेवून बसले. मूठ काही उघडत नव्हती.