घरगाडीतला काऊन

ये, अशी जवळ बस पोरी. हिमाचलातून येऊन महिना झाला मले, अन् तुले आज फुरसत भेटली?

झोपणं, रांधणं, संडासही आतच, अशी घरासारखी गाडी भाड्यानं घेऊन माझा धाकटा दीर, त्याची पुण्याची बायको अन् मी बर्फाच्या डोंगरात गेलो. "गाडी काऊन थांबली?" असं मी विचारलं की जाऊ नवऱ्याला म्हणे, "ऐकलंत? ताईंचा कावळा बोलला! काव काव!" माझ्या मायची बोली ते, अन् हे तिले कावळा म्हणते! मी मनात गाठ मारून ठेवली.

एका दुपारी उजाड घाटात गाडी उभी होती. दीर खाली ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. जाऊ संडासात गेली अन् आतली कडी अडकली. दार आता बाहेरूनच उघडणार होतं.

"ताई, दार उघडा!"

मी चहा पिऊन राहिली होती. म्हटलं, "काऊन?"

"कडी अडकलीय! असं का करताय?"

"'का' नाही. आमच्या बोलीत विचार."

आतून दोनदा दार वाजलं. मग बारीक आवाज आला, "ताई... काऊन नाही उघडत?"

मी चहा सावकाश संपवला, मग दार उघडलं. म्हटलं, "अगं बाई, कावळा तर आत होता!"

राग गेला काय, विचारतेस? कायले जाईल? दिवाळीला ती इथं, आपल्या सालेकशाले, येऊन राहिली. तूही लवकर ये. तुह्यासमोर पुन्हा म्हणायले लावतो तिले.