भाऊजींचा सीनियर ट्रिप्टोफॅन

आमच्या भाऊजींनी कुणाचा हेवा केल्याचं मला आठवत नाही. साडूनं दुमजली घर बांधलं तेव्हासुद्धा, "जिने चढून गुडघे जाणार बिचाऱ्याचे," एवढंच म्हणाले. अशा माणसाला चोपन्नाव्या वर्षी मत्सर जडला, आणि तोही कुणाचा, तर एका अमिनो आम्लाचा.

भाऊजी प्रयोगशाळेत सहायक. सव्वीस वर्षं ते बाटल्यांत जांभळे जीवाणू वाढवतात, आणि मग स्वेटर चढवून थंड खोलीत सेंट्रिफ्यूज नावाच्या गरगर फिरणाऱ्या यंत्रानं त्यांच्यातलं उजेडावर चालणारं प्रथिन वेगळं काढतात. ते प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या हाती दिलं की बाई त्यावर शोधनिबंध लिहितात. त्यात भाऊजींचं नाव नसतं. तक्रारही नव्हती.

यंदा बाईंनी सगळ्यांना बसवून नवा निबंध समजावला. प्रथिनावर उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि या रेणूवरून त्या रेणूवर जातो. दोघांच्या मधे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल उभं असतं. त्याच्या अंगी सपाट कड्यांची जोडी असते, तिच्या आधारानं इलेक्ट्रॉन झटकन पलीकडे पोचतो. "स्वतःकडे काही ठेवत नाही हो तो! पण नसला तर सगळं रखडतं," बाई कौतुकानं म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

भाऊजी घरी आले ते फुगूनच.

"मधे उभं राहायचं आणि इकडचं तिकडे द्यायचं. मी वेगळं काय करतो गं?" ते ताईला म्हणाले. "त्याच्यावर अकरा पानं! वर रंगीत चित्र!"

"अहो, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर कसले जळता?"

"दिसत नाही म्हणून वाचला. नाहीतर दोन शब्द सुनावले असते."

मलाही फोन आला. "काय रे, हा या कामावर कधीपासून आहे?"

"अब्जावधी वर्षं झाली असतील, भाऊजी."

पलीकडून खोल आवाजात, "म्हणजे सीनियर आहे."

शेवटी ताईनंच विचारलं, "त्याच्यावाचून अडतं हे बाईंना कळलं कसं?"

"त्याला काढून तिथे दुसरं अमिनो आम्ल बसवलं, आणि वेग किती कमी होतो ते मोजलं."

"मग तुम्हीही उठा जागेवरून. टाका आठ दिवस रजा. कळेल तुमच्यावाचून किती अडतं ते."

भाऊजींनी रजा टाकली. त्यांच्या जागी शेजारच्या प्रयोगशाळेतली एक पोरगी आली. चार दिवस भाऊजी फोनकडे बघत बसले. कुणाचाही आला नाही. पाचव्या दिवशी विसरलेल्या छत्रीचं निमित्त काढून ते तिकडे गेले. छत्री घरीच होती.

थंड खोलीत पोरगी काम करत होती. अंगात भाऊजींचा स्वेटर!

"बरे आलात," बाई म्हणाल्या. "तुमचं एका दिवसाचं काम, हिला तीन दिवस लागले. त्या सेंट्रिफ्यूजचं झाकणच बसत नाही. तुम्ही काय करता हो त्याला?"

"काही नाही. सवयीनं बसतं," भाऊजी म्हणाले.

घरी मात्र चेहरा पाडूनच आले. ताईला कळेना. "तिप्पट वेळ लागला ना? मग आणखी काय हवंय?"

"पण निघालं ना प्रथिन! थांबलं कुठे?" भाऊजी कळवळून म्हणाले. "आणि चांगलं निघालं."

"तुमच्या त्या ट्रिप्टोफॅनला काढलं तेव्हा इलेक्ट्रॉन थांबला होता का?"

भाऊजींनी उशाखालून निबंध काढला. पानं उलटली. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"नाही. पोचला. पण रखडत."

"किती पट?"

"तिप्पटच म्हण." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी उरलेली रजा रद्द करून भाऊजी कामावर हजर झाले. स्वेटर परत घेतला. पोरगीला सगळं काम मायेनं शिकवलं. बाटल्या, दिवे, बर्फ, सगळं. सेंट्रिफ्यूजच्या झाकणाला डावा गुडघा लावून खट्कन दाबावं लागतं, एवढं मात्र अजून सांगितलेलं नाही. ती बघत असली की भाऊजी आधी तिला बर्फ आणायला पाठवतात.