पोर्तुगीज जिन्याची खरी हकीकत

अंधेरीच्या आमच्या गावठाणात रविवारी सकाळी वारसा बघायला माणसं येतात. पाठीला बॅगा, हातात बाटल्या आणि तोंडावर गाभाऱ्यात शिरल्यासारखा भाव. एका दुमजली घरापुढे त्यांचा घोळका थांबतो. त्या घराला बाहेरून लाकडी जिना आहे, उभाच्या उभा. त्यांना फिरवणारा तरुण हात वर करून सांगतो, "हा पोर्तुगीज काळातला. जहाजाच्या फळ्यांचा. वर कप्तान राहायचा, त्याला समुद्रावर नजर ठेवता यावी म्हणून जिना बाहेरून." मग फोटो निघतात. इथून समुद्र कुठे दिसतो, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. सुशिक्षित माणसं आहेत.

हा कप्तान माझा आहे. मी त्याला जन्म दिला.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. कॉलेजची एक मुलगी प्रोजेक्टसाठी आली. "काका, हा जिना असा बाहेरून का?" तिने विचारलं. खरं उत्तर मला पाठ होतं, कारण त्या जिन्याच्या वरच्या खोलीत मी लहानाचा मोठा झालो. कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा, एका खोलीतला भाडेकरू. पण मुलगी इंग्रजीतून लिहून घेत होती, माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि "आम्ही तिथे भाड्याने राहायचो" हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. त्याऐवजी कप्तान निघाला. तिने तो लिहून घेतला, कोणीतरी छापला, आणि गावठाणाच्या समितीने मला सन्मानाने इतिहासाचा जाणकार म्हणून खुर्ची दिली. मी बसलो. खुर्ची बरी होती.

या इतिहासाचं ओझं पडलं ते घराच्या मालकिणीवर. आम्ही तिला बाय म्हणतो. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा मी कॉलेजात होतो. आता नवरा नाही, मुलगा परदेशात, खालच्या मजल्यावर दहावीचा क्लास भाड्याने, आणि बाय वर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला तो जिना उतरता येत नव्हता. एकदा प्रयत्न केला आणि तिसऱ्या पायरीवर बसून राहिली. तिला दोघांनी उचलून परत वर नेलं. तेव्हापासून चर्चचे फादर दर रविवारी वर येऊन तिला कम्युनियनचा प्रसाद देऊन जायचे. तिने वेल्डरला बोलावलं. जिना काढून वळणाचा, कठड्याचा लोखंडी जिना लावायचा, एवढंच तिला हवं होतं. समितीचे लोक वेल्डरच्या टेम्पोपुढे उभे राहिले. वारसा तोडू देणार नाही म्हणाले. टेम्पो परत गेला.

बाय गॅलरीतून माझ्यावर ओरडली, "तुझ्या त्या कप्तानाला सांग, मना खांद्यावर घेऊन बाजारात ने!"

"बाय, मी बोलतो समितीशी."

"बोल तर. बोलायला तू पयल्यापासून हुशार."

सभा चर्चच्या हॉलमध्ये भरली. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. कप्तान नव्हता. जहाज नव्हतं. घरात पूर्वी आतूनच जिना होता, मालकाच्या स्वयंपाकघरातून वर जाणारा. वरची खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा मालकाने आतल्या जिन्याचं तोंड फळ्या ठोकून बंद केलं, म्हणजे आम्ही जाता-येता त्यांच्या चुलीपाशी यायला नको. बाहेरचा जिना माझ्या वडिलांनी आणि गिरणीतल्या त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी उभा केला, मोडलेल्या तबेल्याच्या लाकडांचा. त्यातल्याही निम्म्या पायऱ्या नंतर बदलल्या आहेत. शेवटची पायरी बदलली तेव्हा हातोडी मीच धरली होती.

मी खाली बसलो. मला वाटलं, आता खुर्ची जाणार, आणि त्याबरोबर जिनाही. खुर्ची गेली तर गेली.

समितीच्या अध्यक्षा वास्तुविशारद आहेत, वयाने माझ्या मुलीहून लहान. त्यांचे डोळे भरून आले होते. "काका," त्या म्हणाल्या, "हे तर पोर्तुगीजांपेक्षा मोठं आहे! कष्टकऱ्यांनी स्वतः बांधलेला जिना! आता तर तो हलवूच शकत नाही."

टाळ्या पडल्या. माझ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या, आणि त्याही एका म्हातारीला वर कोंडून ठेवण्यासाठी.

मागच्या बाकावरून बायच्या भाच्याने हात वर केला. "ते आतलं तोंड अजून हाय ना? ते उघडलं तर?"

समितीला हरकत घ्यायला जागाच नव्हती. आमच्याकडे वारसा रस्त्यावरून दिसेल तेवढाच असतो. राहता राहिला क्लासवाला. मालकीण आपल्या वर्गातून ये-जा करणार म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. भाडेकरूने घरमालकिणीला वाट द्यायची की नाही यावर विचार करायला त्याने दोन दिवस मागून घेतले. मला उगाचच बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं.

क्लासवाला हो म्हणाल्यावर सुताराने छताच्या फळ्या काढल्या. जुन्या जिन्याची जागा मोकळी झाली, तिथे कमी उंचीच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडे आले. ज्या सकाळी बाय उतरली त्या सकाळी मी तिला चर्चला न्यायला खाली उभा होतो. पोरं बीजगणित थांबवून बघत होती. एकेक पायरी, कठडा घट्ट धरून, एकदाही वर न बघता ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, मी खरं आधीच सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"हां, हवं होतं." तिने "जाऊ दे" वगैरे म्हटलं नाही. पदर खोचला. "पिशवी घे."

"चर्चला पिशवी कशाला?"

"चर्चला मंग जाऊ. देव दर रविवारी वर येत होता रे. मासेवाली एकदा पण नाय आली."

मी पिशवी घेतली. मार्केटपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिथे पोचल्यावर मात्र मासेवालीशी सुरमईच्या भावावरून असं कडाडून भांडली, की रस्त्यातल्या माणसांनी वळून पाहिलं.