गाडी विकायची नाही

नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाकटे दीर एका माणसाला घेऊन आले. जुन्या गाड्या घेणारा-विकणारा होता तो. त्यानं दारात चपला काढल्या, आत येऊन फोटोला हात जोडले आणि मग दोघं खाली पार्किंगमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यानं गाडीला एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मी आयुष्यात पुष्कळ बाजार केलाय. घ्यायची असलेली वस्तू बघतानाच माणूस तसं तोंड करतो.

वर येऊन दीर म्हणाले की चांगला माणूस आहे, फसवणार नाही, अशा गाड्यांना नाहीतरी गिऱ्हाईक मिळत नाही. मी एवढंच म्हटलं की आत्ता नको. त्यांना वाटलं, मी अजून सावरले नाही. तो गैरसमज मी तसाच राहू दिला, कारण खरं कारण तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

गाडी म्हणजे गडद निळी जर्मन सेडान. बारा वर्षांची, दोन मालकांचे हात लागलेली. सहा सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन. माझ्या नवऱ्यानं माहुलच्या रिफायनरीत अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केल्या. कधी स्वतःसाठी चांगलं घड्याळसुद्धा घेतलं नाही, आणि एक दिवस पवईच्या कुणा अधिकाऱ्याकडून ही गाडी घेऊन आला. घाटकोपरमधल्या आमच्या सोसायटीत ती उभी राहिली तेव्हा लोक गॅलऱ्यांत आले होते. चौदा महिने त्यानं ती चालवली, बहुतेक रविवारीच. मी डावीकडे बसून "हळू चालव" म्हणत राहायचे. मग एका सकाळी आंघोळीला जाता जाता त्याच्या छातीत दुखलं आणि सगळं तिथंच संपलं.

मी अंधेरीच्या बाजूला महापालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे काढते. नवरा गेल्यावर महिन्याभरानं कामावर रुजू झाले. गाडी आठ महिने करंजाच्या झाडाखाली उभी राहिली. वरून चिकट पानं आणि कबुतरांची घाण पडत होती. सेक्रेटरी दोनदा सांगून गेले की खाली तेलाचा डाग पडतोय. पहिल्यांदा मी डाग पुसला. दुसऱ्यांदा मुलुंडच्या गॅरेजला फोन लावला.

गॅरेजवाले साठीचे, कुडाळकडचे. आयुष्यभर मोठ्या गाड्यांचं काम केलेले. नवरा त्यांच्याकडेच जायचा. त्यांनी नवी बॅटरी आणून बसवली, गाडी चालवत स्वतःच मुलुंडला नेली आणि तपासून संध्याकाळी मला बोलावलं. बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि आढेवेढे न घेता म्हणाले, "वयनीनू, ह्यो हत्ती पोसूक तुमका जमाचा नाय. इकून टाका."

मी म्हटलं, काय काय बिघडलंय ते आधी दाखवा. ते सांगायला लागले. मी म्हटलं, सांगू नका, दाखवा. तेव्हा त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली आणि मी खाली उभी राहिले. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन तेल गळत होतं. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांमधले रबरी बुश फाटले होते. शॉकॲबसॉर्बर बसले होते. त्यांनी टॉर्च धरला आणि मी एकेक जागा बघून घेतली. सांध्यातली गादी झिजली की हाड हाडावर घासतं, हे मी रोज फिल्मवर बघते. त्यामुळे ते मला फारसं परकं वाटलं नाही. मी म्हटलं, पॅकिंग आणि बुश आधी करा, बाकीचं नंतर बघू. आणि काम कराल तेव्हा मी येणार.

पुढच्या दोन शनिवारी मी गॅरेजमध्ये उभी होते. पहिल्या शनिवारी त्यांना माझी अडचण झाली. दुसऱ्या शनिवारी ते काढलेला बुश माझ्या हातात देऊन फाटलेली जागा दाखवायला लागले.

माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं आणि आमच्या पूर्वीच्या छोट्या गाडीतून भाजी आणण्याएवढा सराव. एका रविवारी सकाळी सहाला मी निळी गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावर काढली. विक्रोळीपर्यंत ट्रकच्या मागेमागे गेले. पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा पाय जरा जास्त दाबला. कुणीतरी पाठीला तळवा लावून पुढे ढकलावं तशी गाडी गेली. इंजिनाचा आवाज आधी जाड होता, तो बारीक आणि स्वच्छ होत गेला. मी मोठ्यानं हसले. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी एकटी गाडीत बसून हसत होते. मुलुंडला वळून परत येताना मला शरम वाटेल म्हणून मी वाट बघितली. ती काही आली नाही.

मग मी गाडी कामावर न्यायला लागले. रोज नाही, पण सकाळची ड्यूटी असली की. लोकांना त्याचा त्रास का व्हावा कळत नाही, पण झाला. रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी विचारलं की मुलानं पाठवली का गाडी. मला मुलगा नाही. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, रिक्षानं गेलीस तर जीवाला घोर तरी नाही. दिरांचा दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. "वहिनी, तो माणूस अजून तयार आहे." मी नाही म्हणायचे आणि त्यांच्या मुलांची चौकशी करायचे.

पावसाळा संपत आला असताना पवईच्या चढावर गाडी तापली. समोर आधी पिवळी खूण आली, पाठोपाठ लाल. मी तिथल्या तिथं गाडी डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. मिनिटभरात सहा-सात पुरुष जमले. एकानं सांगितलं की पाणी ओता. दुसऱ्यानं सांगितलं की असंच हळूहळू न्या, पुढे उतारच आहे. तिसऱ्यानं माझ्याकडे किल्ली मागितली. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि दरवाज्याला टेकून उभी राहिले. बॉनेट उघडायला निघालेल्या चौथ्याला सांगितलं की हात लावायचा नाही. तो म्हणाला, मदत करतोय मॅडम. मी म्हटलं, मला माहितीये, तरी हात लावायचा नाही. गाडी उचलून नेणारा ट्रक येईपर्यंत दीड तास मी तशीच उभी होते. त्या दिवशी माझी ड्यूटी बुडाली आणि डोक्यात रागाचा जाळ झाला होता, सगळ्यात जास्त गाडीवर.

गॅरेजवाल्यांनी दोष शोधला. इंजिनातून पाणी जिथून बाहेर पडतं तिथला प्लॅस्टिकचा जोड तडकला होता, बोटानं दाबला तर बिस्किटासारखा तुटला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "लाल दिवो लागल्यार गाडी बंद केलात म्हणान इंजिन वाचला. हय येणारे बापये तसेच रेटीत आणतत." गाडी तशीच रेटत आणणाऱ्या पुरुषांपेक्षा मला वर धरणं, ही त्यांच्याकडून मोठीच शाबासकी होती.

तसाच नवा प्लॅस्टिकचा जोड टाकून गाडी परत घेता आली असती. मी म्हटलं, प्लॅस्टिक नको. त्यांनी चौकशी केली तर तोच जोड ॲल्युमिनियममध्ये मिळत होता. तो टाकला, पाण्याचा पंप आणि सगळे पाइपही बदलले. आणि एकदा गाडी खोललीच आहे तर मी पुढचंही बोलून टाकलं. शॉकॲबसॉर्बर कडक हवेत, आणि पुढचे ब्रेक याच गाडीच्या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचे हवेत.

"ह्येका मोठे ब्रेक कित्याक होये? असलेले वायट आसत?"

मी सांगितलं, वाईट नाहीत, पण मला आवडेल तशी गाडी मला हवी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कुर्ल्याला कधी जायचं विचारलं.

कुर्ल्याच्या भंगारबाजारात आम्ही सकाळभर हिंडलो. ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड नवे घ्यायचे होते, पण पॅड दाबणारे कॅलिपर जुनेच मिळणार होते. एका दुकानात हवी तशी जोडी मिळाली. दुकानदार फक्त गॅरेजवाल्यांशी बोलत होता. मी एक कॅलिपर उचलून उजेडात नेला, तर ज्या कानाला बोल्ट लावून तो बसवतात तिथं केसाएवढी रेघ दिसली. मी दाखवली. दुकानदार म्हणाला, ओरखडा आहे. मी नख फिरवलं, नख अडकलं. म्हटलं, पंचवीस वर्षं हेच बघते, ही भेग आहे. गॅरेजवाल्यांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितलं आणि शांतपणे दुसरी जोडी मागितली. ती आम्ही साफ करून लाल रंगवली. रंग मी निवडला.

नवे ब्रेक रुळवायला वेगात जाऊन, न थांबता, पुन्हा पुन्हा वेग कमी करावा लागतो. एका रविवारी पहाटे ते काम मीच केलं. गॅरेजवाले डावीकडे बसले होते, दारावरचा दांडा घट्ट धरून. आठ-दहा वेळा मी तसं केलं. पॅड भाजल्याचा वास गाडीत भरला. एकदाही ते "हळू" म्हणाले नाहीत. ऐरोलीच्या पुलावर गाडी थंड व्हावी म्हणून सावकाश चालवत असताना एवढंच म्हणाले की आता बरोबर चावतात.

पुढच्याच आठवड्यात वर्षश्राद्ध होतं. दीर-जाऊ लवकर आले. पार्किंगमधून येतानाच दिरांनी चाकांच्या आतला लाल रंग बघितला होता. भटजी गेल्यावर पानं मांडत होतो तेव्हा त्यांनी विषय काढला. काय काय बदललं, विचारलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"वहिनी, दादाची आठवण म्हणून तू गाडी ठेवलीस, म्हणून आम्ही गप्प होतो. आता त्याची होती तशीसुद्धा तू ठेवली नाहीस."

माझ्या हातात खिरीचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं. वर्षभर सगळ्यांनी माझ्या वतीनं एक कारण तयार केलं होतं. ते मानलं असतं तर सगळेच माझ्याशी गोड वागले असते. बाईनं नवऱ्याची गाडी पुसत बसलेलं कुणालाही चालतं.

"आठवण म्हणून नाही ठेवली, भावोजी," मी म्हटलं. "मला ती चालवायला आवडते."

जाऊ माझ्याकडे बघत होती, मग तिनं पातेलं उचललं आणि वाढायला घेतलं. दीर दोन घास खाऊन उठले. दारात चपला घालताना म्हणाले, की आज तरी हे बोलायला नको होतं. कदाचित त्यांचं बरोबर असेल. तो त्यांचा भाऊ होता, आणि माझ्या त्या वाक्यात त्याच्यासाठी जागा नव्हती. रात्री भांडी आवरताना मी त्यावर विचार केला आणि तरी ते वाक्य मला मागे घ्यावंसं वाटलं नाही. नवऱ्याची आठवण मला गाडीत येत नाही. ती येते आंघोळीला पाणी काढताना.

त्यानंतर दिरांचे फोन बंद झाले. दहा महिने. जाऊ मधूनमधून करायची, गाडीचं नाव न घेता. गणपतीला मी त्यांच्याकडे बोरिवलीला गेले, गाडी घेऊनच. रिक्षानं जाऊन शांतता विकत घ्यायची मला इच्छा नव्हती. दर्शन झालं, मोदक झाले, दीर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. निघाले तेव्हा मात्र ते खाली आले. गाडीभोवती फिरले नाहीत, पुढच्या चाकाशी थांबले आणि टायरमध्ये हवा किती ठेवतेस, विचारलं.

मी सांगितलं. पुढे किती, मागे किती, आणि मागे जास्त का. त्यांनी मान हलवली. चक्कर मारायची का, असं मी विचारलं नाही, त्यांनीही मागितली नाही. मी आरसा नीट केला, गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि महामार्गाकडे वळवली.