कोरड्या बोअरची उपकारस्तुती

तमाम बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लातुरात माझ्या मावशीच्या अंगणात घेतलेल्या बोअरला पाणी लागलं नाही. सकाळी पाळकसाहेबांनी बोअरच्या गाडीपाशी उभं राहून प्रार्थना केली, आम्ही खणखणीत आमेन म्हटलं, आणि दुपारपर्यंत जमिनीतून निघाला तो नुसता पांढरा धुरळा. तो माझ्या डोक्यावर असा काही बसला, की गाडीवाला मला बाजूला सरकवताना आजोबा म्हणाला.

मावशी निवृत्त नर्स. एकटी राहते, गुडघे थकलेत, आवाज मात्र अजून वॉर्डातलाच. पुण्याच्या मुलाशी तिचं ठरलं होतं: पाणी लागलं तर ती इथेच राहणार, नाही तर घर विकून त्याच्याकडे जाणार. टँकरमागे घागरी घेऊन पळणं आता तिला होत नव्हतं. फोनवर ती स्पीकर लावूनच बोलते, त्यामुळे हा करार अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होता.

त्यात तिने एक पराक्रम करून ठेवलेला. आमच्यात घरी काही चांगलं घडलं की चर्चच्या मंडळीला बोलावून देवाचे आभार मानतात, ती उपकारस्तुती. मावशीने काही घडायच्या आधीच, रविवारच्या उपासनेनंतर, सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"फोन करून सांगू का, येऊ नका म्हणून?" मी विचारलं.

"कशाला? शिरा झालाय. अन् देव काय बोअरच्या गाडीत बसून गेला का?"

म्हणाली खरी, पण थोड्या वेळाने तिने मला माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली. बॅग पुसताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

संध्याकाळी मंडळी जमली. अंगणाच्या मधोमध तो कोरडा पाइप, भोवती खुर्च्या. पाळकसाहेबांची मोठी पंचाईत झाली. आभार नक्की कशाचे मानावेत? सगळ्यांनी डोळे मिटल्यावर त्यांनी आकाश आणि पृथ्वीपासून सुरुवात केली. मग मावशीच्या नोकरीबद्दल, गुडघ्यांबद्दल, मी नांदेडहून सुखरूप पोहोचल्याबद्दल, एसटीबद्दल. बोअर जवळ आली की ते हळूच वळसा घालत.

एसटीपाशी माझा एक डोळा उघडला. माझा तो नेहमीच उघडतो.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या भाभी स्टुलावर उभ्या होत्या. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांच्या बकरीने मावशीची जास्वंद खाल्ली, तेव्हा मावशीने बकरीसकट सगळ्यांचा उद्धार केला होता. तेव्हापासून बोलणं बंद. आता त्याच भाभी डोक्यावरून पदर घेऊन, आपल्या रबरी पाइपचं टोक आमच्या बाजूला धरून उभ्या होत्या. त्यांची पाण्याची मोटार चालू होती. प्रार्थनेत कुणावर पाणी उडू नये म्हणून त्यांनी टोक मुठीत दाबलेलं, आणि धार त्यांच्याच कोपरावरून गळत होती. आमची प्रार्थना संपायची त्या मुकाट्याने वाट बघत होत्या.

मी मावशीला कोपराने ढोसलं. तिने डोळे उघडले, आधी माझ्यावर वटारले, मग भिंतीकडे वळवले.

भाभी कुजबुजल्या, "आमच्या बोअरला पाणी हाय, सिस्टरबाई. रोज सोडत जाते. पुण्याला कशाला जायलाव?"

मावशीने अंगणातल्या कोरड्या पाइपकडे पाहिलं, मग भाभींच्या भिजलेल्या कोपराकडे. तिकडे पाळकसाहेब डोळे गच्च मिटून नोहाच्या तारवात शिरले होते आणि एकेका जनावराबद्दल आभार मानू लागले होते. भाभींनी दाबलेलं टोक या हातातून त्या हातात घेतलं.

मावशीने पदराने डोळे टिपले आणि भर प्रार्थनेत वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "पाळकसाहेब, आमेन म्हणा आता, भाभीचा हात भरून आलाय."