तांबडीचं वजन

शाळेत खिचडी सुरू झाली त्या वर्षाची ही गोष्ट. कळंबच्या बाजूला, सुरूच्या झाडांच्या आडोशाला आमची छोटीशी शाळा होती आणि मी तिसरीच्या वर्गाला शिकवायचे... विरारहून बस बदलत बदलत तिथे पोचायचे.

त्या दिवशी वजनं घ्यायची होती. महिन्यातून एकदा आरोग्य उपकेंद्रातून काटा यायचा आणि मुलं चपला काढून, श्वास रोखून त्यावर उभी राहायची. श्वास रोखला की वजन जास्त भरतं अशी त्यांची ठाम समजूत होती... मीही ती कधी मोडली नाही.

सगळ्यांचं वजन थोडं थोडं वर सरकलं होतं. एकट्या दर्शनाचं कमी झालं होतं. आधीच काडी पैलवान, त्यात हे...

आता मला एक खोड आहे. एखादी गोष्ट जुळत नसली की मला चैन पडत नाही. नवरा म्हणायचा, तू चुकून शाळेत आलीस, पोलिसात जायला हवं होतंस. पण जुळत नव्हतंच ना... मधल्या सुट्टीत सगळ्यात आधी थाळी रिकामी व्हायची ती दर्शनाचीच. मग ती खिचडी जायची कुठे?

आधी वाटलं, जंत असतील. गोळी दिली, फरक शून्य. मग वाटलं, घरच्या धाकट्या भावंडासाठी नेत असेल... चौकशी केली तर बाईसाहेब एकुलत्या एक. वडील होडीवर, आई मासळी विकणारी. घर शाळेच्या मागेच, हाकेच्या अंतरावर.

शेवटी एके दिवशी मी माझा डबा तसाच झाकून ठेवला आणि लक्ष ठेवून बसले. दर्शनाने दोन घास खाल्ले, थाळी उचलली आणि धुवायला म्हणून निघाली. नळाकडे न जाता ती शाळेच्या मागे वळली... आणि मी तिच्या मागे.

भिंतीपलीकडे बोंबील वाळत घातले होते. त्यांच्या खाली सावलीत एक कोंबडी उभी होती... तांबडी, उघड्या मानेची, अगदी घंटेची वाट बघत असल्यासारखी. दर्शनाने थाळी तिच्यापुढे ठेवली आणि उकिडवी बसून तिचं खाणं बघत राहिली.

मी रागवायलाच निघाले होते. सरकारने खिचडी मुलांसाठी दिली आहे, कोंबड्यांसाठी नाही वगैरे सगळं तोंडाशी आलं होतं. पण मला बघून ती मुलगी आधी कोंबडीच्या पुढे आली, हात पसरून... मी कोंबडीला काही करीन म्हणून. माझं रागावणं तिथेच संपलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. खिचडीच्या आधी मुलांना शाळेतून महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा. तिची आई तो चाळायची आणि खाली पडलेली कणी तांबडीला जायची. शाळेत खिचडी शिजायला लागली आणि घरचा तांदूळ बंद झाला, त्याबरोबर कणीही बंद. मग तांबडीने अंडी द्यायचं थांबवलं.

"आई बोलली, अंडी नाय देत तर ठेवून काय करायची. होळीला मामा येनार, तवा कापू." एवढं सांगून तिने तांबडीला जवळ ओढलं.

मी विचारलं, आणि तुझ्या पोटाचं काय?

"मला भूक नाय लागत, बाई."

आठ वर्षांची पोर... होळीच्या आत कोंबडीने अंडं द्यावं म्हणून स्वतःच्या तोंडचा घास तिला देत होती आणि भूक नाही म्हणत होती.

मी तिला घेऊन तडक खिचडी शिजवणाऱ्या हिराबायकडे गेले. हिराबाय त्याच गावातली, तोंडाने फटकळ. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तांदूळ तर तीही रोज चाळत होती... आणि कणी विहिरीजवळ कावळ्यांना टाकत होती.

तिने तिथल्या तिथे निकाल दिला. "कनी मी देते तुला. पन खिचडी माझ्यासमोर बसून खायची. थाली पुसून दाखव, मग कनी."

त्या दिवसापासून दर्शना हिराबायच्या चुलीपाशी बसून जेवायला लागली. पदरात... म्हणजे फ्रॉकच्या ओच्यात कणी घेऊन मागे पळायची ती नंतर.

होळी जवळ आली तशी माझीच धाकधूक वाढली. रोज विचारायचे, दिलं का? ती मान हलवायची... नाही. घरी नवरा चेष्टा करायचा, बोर्डाच्या निकालाची वाट बघावी तशी तू अंड्याची वाट बघतेस. होळीची सुट्टी लागली तेव्हाही उत्तर तेच... नाही. पुरणपोळी काही गोड लागली नाही त्या वर्षी.

सुट्टीनंतर शाळेत गेले ती आधी मागच्या भिंतीपाशी. बोंबलांच्या खाली कोणी नव्हतं. वर्गात आले तर दर्शनाही नाही. आणि नेमका त्या दिवशी काटा आलेला.

वजनं अर्धी झाली असतील, तेवढ्यात ती धापा टाकत दारात आली. काखेत तांबडी! होळीच्या आदल्या दिवशीच तिने अंडं दिलं होतं आणि मामाला सुक्या बोंबलावर भागवावं लागलं होतं. सगळा वर्ग हसत सुटला.

दर्शना सरळ काट्यापाशी आली आणि कोंबडीला त्यावर ठेवून म्हणाली, "बाई, हिचंपन बघा ना. वाढलं का?"

तांबडी फडफडली, काटा कसाबसा थरथरला. आधीचं वजन कोणाला माहीत होतं! तरी मी वाकून नीट बघितलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, हो, वाढलंय.

मग दर्शना चढली, श्वास रोखून.

कोंबडीचं मी ठोकून दिलं होतं... दर्शनाचं मात्र खरंच वाढलं होतं.