धोंड्यात गेलेला गेम

चाकांच्या फळीवर उभं राहून उड्या मारायचा तो जुना गेम मी अजूनही खेळते. इतक्या वर्षांत कंटाळा कसा येत नाही, असं मैत्रिणी विचारतात. एक कारण गेममध्ये आहे, दुसरं तेलगावला.

आमच्या घाटनांदूरला तसली फळी कुणी पाहिलेली नव्हती, आणि पाहिली असती तरी आमच्या गल्लीत ती चालवणार कुठे? पण मावसभावाने जुनं झालं म्हणून दिलेलं व्हिडिओ गेमचं मशीन टीव्हीला जोडलं आणि मी त्या गेमच्या नादी लागले ती लागलेच. दोन मिनिटं मिळतात. उडी, गिरकी, कठड्यावरून घसरणं, एकात एक गुंफत जावं तसे पॉइंट वाढत जातात. पण नीट जमिनीवर उतरेपर्यंत त्यातला एकही आपला नसतो. आपटलात की सगळे गेले. मोह आवरला तर थोडं पदरात पडतं. मला कधीच आवरत नाही, म्हणून तर पुन्हा खेळावंसं वाटतं.

ताईच्या लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि त्याचं मन मोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दाजी तेलगावचे ऊसवाले, पुढाऱ्यांच्या मागे फिरून स्वतःलाही पुढारी समजू लागलेले. जेवण झाल्यावर ते माझ्या शेजारी खेळायला बसले. बटणं बडवण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. माझी पाळी आली तशी आई कानाशी येऊन पुटपुटली, "धोंड्याला आलेल्या जावयाला हरवतीस व्हय गं?"

मी मुद्दाम भिंतीवर जाऊन आपटले. वेळ संपेपर्यंत आपटत राहिले.

दाजींना चेव चढला. "लई सोपं हाय की हे," ते म्हणाले. निघताना माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले, "हे मशीन नेतो मी. पोरीच्या जातीला कावून पायजे असलं?" आबांनी आहेराच्या कपड्यांबरोबर माझं मशीनही पिशवीत घातलं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती आणि आई मला जावयाच्या हातावर सुपारी ठेवायला सांगत होती.

पुढे प्रत्येक लग्नात, बारशात दाजी चारचौघांत सांगायचे, "मेहुणीला पाणी पाजलं." मी हसायचे आणि आतल्या आत दातओठ खायचे. बीडला क्लाससाठी राहायला गेले तेव्हा एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच गेम मिळाला. खोलीतल्या पोरी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होत्या, मी दाजींची.

यंदा भाच्याच्या जावळासाठी आम्ही सगळे तेलगावला गेलो. पंगत उठल्यावर दाजींनी पाव्हण्यांसमोर तेच तुणतुणं लावलं. मी म्हटलं, "दाजी, होऊन जाऊ द्या परत. मी जिंकले तर मशीन माझं."

"घेऊन जा की," ते हसत म्हणाले. आईने डोळे वटारले, पण मी तिकडे बघितलंच नाही. धोंडा नव्हता, घर दाजींचं होतं आणि पाहुणी मी होते.

दाजी आधी खेळले. मग मी एक उडी दुसरीत गुंफत गेले आणि वेळ संपता संपता नीट उतरले. त्यांचे पॉइंट माझ्यापुढे चिल्लर वाटत होते.

दाजी पाव्हण्यांकडे वळले. "मुद्दाम हरलो. मेहुणी हाय, तिचं मन कावून मोडायचं?"

सगळे खो खो हसले. माझी हार तर या माणसाने मिरवलीच होती, आता माझी जीतही खिशात घालत होता. मला त्यांचा इतका राग आला की आवाज उलट शांत झाला. "बरं," मी म्हटलं, "मग परत एकदा मुद्दाम हरा."

नाही म्हणायची सोय नव्हती. ते बसले आणि हरले. मी म्हटलं, "अजून एकदा." या वेळी ते पुढे सरकून, जीभ दातात धरून खेळत होते. बंडी घामाने पाठीला चिकटली होती. मला जराही दया आली नाही. ते हरले तेव्हा दारात बसलेली त्यांची आईच म्हणाली, "बास कर रे आता. किती मुद्दाम हरशील?"

या वेळी पाव्हणे दाजींनाच हसले आणि दाजींची मान खाली गेली. ताई उठली. तिने टीव्हीमागे हात घालून वायरी काढल्या, आणि नवऱ्यादेखत मशीन माझ्या मांडीवर आणून ठेवलं.